मानकऱ्यांची घंटा

सिक्स्तेन ब्रुलीनच्या झग्यावर चांदीचं ओकपान लागलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. ते पान सहजासहजी कोणाला मिळत नसे. स्वीडनमधल्या स्मोलांडच्या जंगलात, तळ्याकाठच्या कुरणावर, दर जुलैत आठवडाभर तंबू ठोकून साडेसहाशे वर्षांपूर्वीचं जगणं जगणारं ते मंडळ. त्यात शेकड्यांनी माणसं आली, हौस फिटल्यावर गेली. पण पान लागलेले मानकरी त्या उन्हाळ्यात होते पाचच.

सिक्स्तेनला पान मिळालं ते तलवारीवर. एरवी तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करणारा माणूस, पण मैदानात उतरला की त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. तिथल्या तलवारी पोलादी असल्या तरी बोथट असत आणि खेळाला पंच नसे. ज्याला घाव लागला त्यानेच हात वर करून 'लागला' म्हणायचं, असा रिवाज होता. एका वर्षी शेवटच्या लढतीत सिक्स्तेन जिंकल्यात जमा होता. लोक टाळ्या वाजवायला उठले होते, आणि यानेच हात वर केला. समोरच्याच्या तलवारीचं टोक काखेखाली ओझरतं लागलं होतं. ते कोणी पाहिलं नव्हतं. मारणाऱ्यालासुद्धा कळलं नव्हतं. सिक्स्तेन म्हणाला, 'लागला', आणि हरला. पान मिळालं ते त्याच हिवाळ्यात.

पुढे खांदा गेला. डॉक्टरांनी दोनदा कापून शिवला, पण हात कानाच्या वर जाईना. तलवार भिंतीवर गेली आणि सिक्स्तेन वरच्या पंगतीला जाऊन बसला. पान लागलेल्या माणसाला पाणी आणावं लागत नसे, सरपण फोडावं लागत नसे, संडासाचे चर खणावे लागत नसत. असा नियम कोणी केला नव्हता. रुळून गेला होता. सिक्स्तेन मोठ्या तंबूच्या सावलीत कोरीव खुर्चीत बसे, कोणीतरी राईची भाकरी नि खारवलेला मासा पुढ्यात आणून ठेवी, आणि मैदानात पोरं लढत असली की तो मधूनच 'पाय, पाय बघ' असं ओरडे. दिवस बरे चालले होते.

त्या वर्षी दीसा फोर्सेलने पाची मानकऱ्यांना आपल्या तंबूत बोलावलं. दीसा मंडळाची प्रमुख, चाळिशीची, तालुक्याच्या शाळेत शिकवणारी. तिने मातीच्या सुगडातून सगळ्यांना काढा ओतला. काढा म्हणजे कॉफीच. पण साडेसहाशे वर्षांपूर्वी कॉफी नव्हती, आणि कॉफीवाचून यांचा एक दिवस जात नव्हता, म्हणून तिला काढा म्हणायचं ठरलं होतं. मग दीसाने न अडखळता सांगितलं, की नवी माणसं विचारतायत, पानवाले करतात तरी काय. आणि तिला उत्तर देता येत नाही.

मग एकीने म्हटलं, आपण शिकवावं. एकाने म्हटलं, आपण भांडणं मिटवावीत, तेवढं वजन आपल्यापाशी आहे. तिसरी म्हणाली, घरातल्या जुन्या वस्तू मंडळाला देऊन टाकाव्यात. सिक्स्तेनला रागच आला होता. तो म्हणाला, सफरचंदाच्या झाडाने उभा जन्म फळं दिली, आता सावली देतंय. त्याच्याकडे आणखी काय मागायचं?

पाचवा मानकरी तूरे हॅल्स्त्रम गप्प होता. तूरे लोहार. वय सत्तरीच्या पुढे, मनगटं अजून फणसाच्या बुंध्यासारखी. मंडळातली अर्धी शिरस्त्राणं त्याच्या ऐरणीवरून उतरलेली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो उठला, लाकडी पेला उपडा ठेवला आणि म्हणाला,

"मला उद्यापासून एक माणूस लागेल. मानकरी असला तरी चालेल."

दीसाला हसू आवरलं नाही. सिक्स्तेन मात्र हसला नाही. तो उठून तूरेच्या मागोमाग गेला, ते त्याला चार शब्द सुनवायलाच.

कारण तसं होतं. तूरेला दोन वर्षांपूर्वी घंटा ओतायचं वेड लागलं होतं. लोखंड ठोकण्यात त्याचा जन्म गेला होता. पण कांस्य वितळवून साच्यात ओतणं हे वेगळंच शास्त्र, आणि त्यातलं त्याला काही येत नव्हतं. जुन्या काळच्या साधूंनी लिहून ठेवलेली रीत वाचून त्याने पहिल्या वर्षी साचा केला. तो सगळ्या मंडळासमोर फुटला आणि अर्धा धातू मातीत गेला. दुसऱ्या वर्षी साचा टिकला, पण खणून काढल्यावर आत निघाली ती अर्धी घंटा. वरचा भाग होता, खाली नुसता दातऱ्या काठाचा भोपळा. लोकांनी त्या भोपळ्यात फुलं लावली. सिक्स्तेनला ते पाहवत नव्हतं.

तूरेची झोपडी कुरणाच्या टोकाला, धूर तंबूंकडे येऊ नये अशा बाजूला होती. तिथे माणसाच्या छातीइतका खोल खड्डा खणलेला होता. बाजूला एम्बला चिखल तुडवत होती. एम्बला तूरेची शिष्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एरवी रुग्णवाहिकेवर परिचारिका. चिखलात घोड्याची लीद आणि गाईचे केस होते. तिने सिक्स्तेनला पाहून मान हलवली नि तुडवत राहिली.

"तूरे, पुरे कर हे आता," सिक्स्तेन म्हणाला. "दोन वर्षं लोक हसले. तुझ्यासाठी नाही, त्या पानासाठी तरी पुरे कर."

तूरेने त्याच्याकडे वळून पाहिलं. "काय म्हणालास?"

सिक्स्तेनने परत म्हटलं, जरा मोठ्याने. एम्बलाने तुडवणं थांबवलं. तूरे खड्ड्याच्या कडेला बसला आणि त्याने शेजारची जागा हाताने थोपटली. सिक्स्तेनला बसावं लागलं.

"तू तलवार शिकत होतास तेव्हा तुला पाहिलं होतं कोणी?" तूरेने विचारलं.

"पाहिलं असेल. आठवत नाही."

"मला आठवतं. रडवेला व्हायचास. पण ते पाहिलेले आपण दोघं-तिघंच उरलोय. या पोरांनी आपल्याला जे येतं तेच करताना पाहिलंय. त्यांना वाटतं, आपण आईच्या पोटातून असेच आलो. मग पहिल्या वर्षी दोन फटके बसले की सामान बांधून जातात घरी. येत नसलेलं करताना मानकऱ्याला कोणी बघितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं?"

"म्हणून तू मुद्दाम हरतोस?"

"मुद्दाम कशाला? मला येतच नाही. यावंसं वाटतं." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि एक. ओतताना साच्याशी कान लावून ऐकावं लागतं. धातू आत कसा भरतोय ते नुसतं आवाजावरून कळतं. दुसरा मार्ग नाही. गेल्या वर्षी मी झोपलो होतो तिथे कान लावून. मला काही ऐकू आलं नाही, सिक्स्तेन. ऐरणीने कान खाल्ले माझे. तरी मी ओता म्हणत राहिलो."

सिक्स्तेनने एम्बलाकडे पाहिलं. तिला ते माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"हिला ऐकू दे मग."

"ही भट्टीच्या तोंडाशी असणार. भट्टीचं भोक बुजवायचा मातीचा बोळा तिच्या हातात. आणि मला नुसता कान नकोय. ऐकू आलं तर आलं म्हणणारा, नाही आलं तर नाही म्हणणारा माणूस हवाय. सगळं गाव बघत असताना. तसा मला एकच माहीत आहे."

सिक्स्तेनने वाकून खड्ड्यात पाहिलं. खड्ड्यातून ओल्या मातीचा वास येत होता. शेवटी तो म्हणाला, की मला यातलं अक्षर कळत नाही. तूरे म्हणाला, "मग चालेल," आणि एम्बलाने बाजूला सरकून चिखलात त्याच्यासाठी जागा केली.

पुढचे दिवस सिक्स्तेन गुडघाभर लिदीत होता. घंटेचा आतला गाभा आधीच वळून वाळवलेला होता. त्यावर गाईची चरबी थापून घंटेचा आकार काढायचा. ती चरबी म्हणजे खोटी घंटा. तिच्यावर बाहेरून मातीचे थर द्यायचे. पहिले थर सायीसारखे पातळ, मग जाड, दर थर वाळू द्यायचा. मग आच दिली की चरबी वितळून खालच्या भोकातून गळून जाते आणि माती नि मातीमध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत धातू जायचा. सिक्स्तेन थर देई नि एम्बला ते पुसून टाकी. "जाड झाला. परत." दोन दिवस तो 'परत' हा शब्द ऐकत होता. त्याच्या नातीच्या वयाची पोर त्याला दटावत होती, आणि येणारेजाणारे थांबून बघत होते. मंडळात सगळे सगळ्यांना अरे-तुरेच करत; तरी सिक्स्तेनला 'अरे, हात हलका ठेव' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा एक थर एम्बलाने पुसला नाही. तिने पुढचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं, एवढंच. सिक्स्तेनला आपल्या जिंकलेल्या कुठल्याच लढतीनंतर इतकं हलकं वाटलेलं आठवेना.

ओतायचा दिवस उजाडला तो कोरडा आणि वाऱ्याचा. दीसाने सकाळपासून ठाण मांडलं होतं. ओल्या मातीवर वितळलेलं कांस्य पडलं तर ते बंदुकीसारखं उडतं, हे तिला पहिल्या वर्षी कळून चुकलं होतं. तिने भोवती दोर बांधला, सगळ्यांना दोरामागे केलं, कोरड्या वाळूच्या बादल्या मांडल्या. सिक्स्तेनच्या अंगभर चामडं चढवलं. मग ती म्हणाली, डोक्याचं काय? सिक्स्तेनने तंबूतून आपलं जुनं शिरस्त्राण आणलं, घातलं, साच्यापाशी आडवा झाला आणि दोन क्षणांत उठून बसला.

"यात मला माझाच श्वास ऐकू येतोय."

लोक हसले, तोही हसला. शिरस्त्राण बाजूला गेलं. दीसाला ते पसंत नव्हतं. तिने डोळ्यांवर ओलं फडकं बांधायला दिलं, आणि उघडा राहिला तो एक कान.

साचा खड्ड्यात पुरलेला होता. भोवतीची माती माणसांनी पायांनी चोपून चोपून दगडासारखी केली होती. वर दिसत होती दोनच भोकं, एक धातू जायचं आणि एक हवा निघायची. भट्टी चढावर होती, आणि तिच्या तोंडापासून धातूच्या भोकापर्यंत चर काढला होता. तिच्या पोटात तांबं घातलं होतं, भोवती कोळसा. दोन बाजूंना दोन भाते; एक उघडला की दुसरा मिटायचा. भात्यांवर माणसं बदलत राहिली. कणिक मळणारी बाया-माणसं, सुतार, तिरंदाज, सगळ्यांनी पाळीपाळीने भाता ओढला. दुपार कलली तशी भट्टीच्या तोंडाची ज्वाळा पिवळ्याची हिरवी झाली, मग मोरपंखी. दोरामागची बडबड आपोआप थांबली.

तूरे त्या रंगाकडे बघत उभा होता. धातूतली कोंडलेली हवा काढायला त्याने बर्च झाडाचा ओला दांडा आत घातला. धातू उकळ्या मारत फुसफुसला, दांडा काळा होऊन बाहेर आला. मग त्याने कथलाचे तुकडे सोडले. पाण्यात साखर जावी तसे ते गेले. आता उशीर करून चालणार नव्हता. तूरेने सिक्स्तेनकडे बोट केलं.

सिक्स्तेन पोटावर झोपला, फडकं डोळ्यांवर ओढलं आणि भोकाशेजारी जमिनीला कान लावला. माती कोमट होती. तूरेने सांगितलेलं तो मनात घोळवत होता. आधी पावसासारखं वाजेल. मग पुलावरून गाडी जावी तसं. गटगट असं कोंडल्यासारखं वाजलं तर हवा अडकली समज, थांब म्हण. मोकळं झालं की ओत म्हण. फार थांबलास तर धातू वाटेतच थिजेल. हे तूरेनेही नुसतं वाचलेलं. जिवंत माणसांपैकी कोणाच्या कानांनी ऐकलेलं नव्हतं.

बोळा निघाल्याचं त्याला वरून कळलं, कारण दोरामागून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. मग चरातून काहीतरी सळसळत त्याच्या डोक्याजवळून गेलं आणि गालाला भाजलं.

आणि जमीन बोलायला लागली.

आधी खरंच पाऊस होता. दूरच्या रानावर पडणारा, अजून इथे न पोचलेला. मग तो जवळ आला, जड झाला, आणि लाकडी पुलावरून गाड्या जाऊ लागल्या. एक, मग अनेक, न संपणाऱ्या. सिक्स्तेनच्या दातांत ते वाजत होतं, फासळ्यांत वाजत होतं. त्याला वाटलं, खाली कोणीतरी फार मोठं, फार जुनं कूस बदलतंय, आणि तो त्याच्या छातीवर कान ठेवून पडलाय. त्याचा खांदा, त्याची खुर्ची, त्याचं नाव, काही उरलं नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वी असाच कोणीतरी, असाच पालथा, हेच ऐकत पडला असेल. आणि त्यालाही यातलं काही सांगता आलं नसेल.

मग आवाज फिरला. अगदी थोडा. गाड्यांच्या खडखडाटाखाली एक गटगट. होती का ती? सिक्स्तेनला खात्री नव्हती. ऐकू आली आणि विरली. थांब म्हणावं आणि काही नसलं, तर चांगला धातू थिजेल आणि तिसरी घंटा त्याच्या तोंडाने जाईल. न म्हणावं तर कोणाला कधी कळणारही नव्हतं. परत आली. गट.

"थांब!"

तोच आवाज होता तो, ज्याने एकेकाळी मैदानावरची अख्खी रांग जागच्या जागी थबकायची. एम्बलाने विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. मातीचा बोळा लावलेला दांडा भोकात खुपसला. सळसळ तुटली.

कुरणावर आता भात्यांचाही आवाज नव्हता. सिक्स्तेन ऐकत होता. चरातला धातू लाल पडायला लागला असेल. तूरे आपल्या डोक्यापाशी उभा आहे, हे त्याला त्याच्या बुटांच्या वासावरून कळत होतं. खाली ते मोठं जनावर श्वास कोंडून होतं. मग हळूच, आळसावल्यासारखा, एक लांब उसासा मातीतून वर आला आणि हवेच्या भोकातून गरम वारा सिक्स्तेनच्या दाढीवर आला.

"ओत."

परत पाऊस, परत पूल. या वेळी आवाज खोल जात नव्हता, वर येत होता. बारीक होत, उजळत, विहिरीत घागर भरत यावी तसा त्याच्या कानाकडे. अगदी शेवटी काचेवर नखाने टिचकी मारावी तसं काहीतरी वाजलं, आणि त्याने डोळ्यांवरचं फडकं काढलं. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, हवेच्या भोकात, एक लाल डोळा उघडला होता आणि त्याच्याकडे बघत होता.

"भरली," सिक्स्तेन म्हणाला. पण ते इतकं हळू, की एम्बलाला ते तूरेने हात वर केल्यावर कळलं.

त्याला दोघांनी धरून उठवलं. एका बाजूची दाढी जळाली होती, कानाची पाळी फोडासारखी सुजली होती. एम्बलाने मलम लावलं. कसं वाजलं, म्हणून लोकांनी विचारलं, तर तो 'आहे काहीतरी खाली' इतकंच म्हणत राहिला. संध्याकाळी वरच्या पंगतीला त्याची खुर्ची रिकामी होती. तो एम्बलासोबत खड्ड्याच्या कडेला बसून वाटाण्याचं सार पीत होता.

घंटेला मातीत दोन दिवस निवू दिलं. आठवड्याचा शेवटचा दिवस होता. निम्म्या लोकांनी तंबू सोडायला घेतले होते, पण कोणी गेलं नव्हतं. कुदळी चालल्या, दोर लागले, तीन ओंडक्यांच्या घोडीवरून साचा वर आला. तूरेने हातोडीने भाजलेली माती फोडायला सुरुवात केली. खापऱ्या पडत गेल्या तशी आतून काळी, बेडकाच्या पाठीसारखी खरबरीत घंटा निघत गेली. एका बसलेल्या मेंढीएवढी. घंटा टांगायच्या वरच्या सहा कड्यांपैकी एक नीट उतरलंच नव्हतं. काठ मात्र खालपर्यंत होता, सगळीकडून, सलग. तूरेने काठावरून नख फिरवलं, गुडघे टेकून एक आख्खी फेरी मारली. तडा नव्हता.

गाभ्याची माती कोरून काढली, घंटा घोडीला टांगली. आतला लोलक अजून घडवायचा होता, म्हणून लाकडी मोगर आणला. तूरेने तो सिक्स्तेनपुढे धरला. सिक्स्तेनने मान हलवली आणि एम्बलाकडे बोट केलं. एम्बलाने हात झग्याला पुसले, मोगर घेतला आणि एकदाच मारला.

तो आवाज कसा होता हे पुढे मंडळात ज्याने त्याने वेगवेगळं सांगितलं. पहिला ठोका छातीवर बसला, हे सगळ्यांच्या सांगण्यात होतं. मग त्यातून दुसरा आवाज उठला, पहिल्यापेक्षा खोल. तो जाईना, तळ्यावर पसरला आणि पलीकडच्या रानाला टेकून परत आला. पलीकडच्या काठाला गाई चरत होत्या. त्यांनी एकदम माना वर केल्या. कोणीतरी टोपी काढली, मग शेजारच्याने. दीसा तोंडावर हात ठेवून उभी होती. सिक्स्तेनच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. मातीत पालथं पडून ऐकलेलंच आता उभं राहून, आकाशाखाली, सगळ्यांसमोर बोलत होतं.

तूरेने दोन्ही तळवे घंटेवर ठेवले होते, आणि कपाळही. घंटा गप्प झाली तरी तो तसाच होता.

"आली का ऐकू?" सिक्स्तेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं.

"हाडांतून आली," तूरे म्हणाला. जरा वेळाने त्याने डोकं उचललं. "एक कडं गेलं. लेका, पुढच्या वर्षी परत."

लोकांना ती थट्टा वाटली. सिक्स्तेनला तसं वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात सिक्स्तेन दर शनिवारी बर्फातून गाडी हाकत तूरेच्या कारखान्यात जाऊ लागला. त्याला आता स्वतः गाभा करायचा होता. माती, लीद, केस, पाणी, प्रमाण चुकलं की परत. त्याच्या सुनेने त्याला लोकरीच्या सदऱ्यासकट घरात यायची बंदी केली. तो पायरीवर कपडे बदलू लागला. वसंतात दीसाने फोन करून विचारलं, मानकऱ्यांनी काय करायचं त्याचं काही ठरवू या का, या वर्षी नवी माणसं बरीच येणार आहेत. सिक्स्तेन म्हणाला, की ठरवायचं तू बघ, मला मात्र भट्टीच्या शेजारी कोरडी जागा दे, उतार नसलेली.

जुलैत त्याने गाभा उभा केला, कुरणाच्या टोकाला, दोराआड नाही, येण्याजाण्याच्या वाटेवरच. तीन दिवस तो त्यावर होता. देखणा झाला होता. चौथ्या दिवशी सकाळी, वाळता वाळता, माथ्यापासून पायथ्यापर्यंत तडा गेला. आवाजही झाला, जवळच्या तंबूतली माणसं बाहेर आली. नव्यांपैकी पुष्कळजण होते. त्यांच्या नजरा त्याच्या झग्यावरच्या पानावरून गाभ्यावर आणि गाभ्यावरून पानावर जात होत्या. तूरेला काय झालं ते एम्बलाने खुणेने सांगितलं. तो बाकावर बसून भाकरीला लोणी लावत होता. त्याने मान डोलावली आणि लावत राहिला.

सिक्स्तेनने तड्यात बोट घालून खोली पाहिली. "पाणी जास्त झालं," तो म्हणाला, कोणाला उद्देशून नव्हे. मग त्याने हातोडी घेतली, गाभा फोडला, खापऱ्या खड्ड्यात लोटल्या, वर नवी माती टाकली, बूट काढून बाजूला ठेवले आणि तुडवायला सुरुवात केली.

लोक पांगायला लागले होते. त्यातली दोघं पांगली नाहीत, एक बुटकी सुईण आणि एक उंच, लाजाळू ट्रकचालक; दोघांचंही मंडळातलं पहिलंच वर्ष, आणि आदल्या संध्याकाळी दोघंही दीसाला सांगून आली होती की आपल्याला हे जमेलसं वाटत नाही. ट्रकचालकाने विचारलं, की यात खरंच घोड्याची लीद असते का. सिक्स्तेन म्हणाला, असते, आणि गेल्या वर्षीपेक्षा यंदाची वाईट आहे. सुईण जमिनीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.